शेफील्ड: गल्ली उचलून वर ठेवली, शेजाराचं काय झालं?

नाईटशिफ्टवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, ड्युट्या अशा लागल्यात की श्वास घ्यायला फुरसत नाही. पण हे डोक्यातून जाईना म्हणून लिहून टाकते.

मी इंग्लंडातल्या शेफील्डला असते हे जुन्या लोकांना माहितीच आहे. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांकडून व्यायाम करून घ्यायचा हे माझं काम. त्यातली एक आजी, वय ८४, गुडघा बदललाय, तोंड मात्र एकदम चालू (नाव सांगत नाही, एकदोन बारीक गोष्टीही मुद्दाम इकडच्या तिकडे केल्यात). १९४० चा जन्म, म्हणजे ज्या वर्षी १२ आणि १५ डिसेंबरला जर्मनांनी शेफील्डवर बॉम्ब टाकले त्याच वर्षीचा. साडेसहाशेच्या वर माणसं गेली आणि चाळीसेक हजार लोक बेघर झाले त्या दोन रात्रींत. तोफा, रणगाड्यांचे पत्रे, विमानाच्या इंजिनाचे भाग, सगळं इथल्या स्टीलचं, त्यामुळे हे गाव शत्रूच्या यादीत असणारच होतं.

तर एक दिवस तिला सांगितलं, आजी रोज दहा वेळा खुर्चीतून उठायचं बसायचं. ती म्हणाली, माझी आई हे दिवसातून पन्नास वेळा करायची, शेजारणीने भिंत ठोकली की उठायची. म्हटलं भिंत ठोकली म्हणजे? मग सुरू झाली. त्यांची जुनी घरं म्हणजे एका ओळीत पाठीला पाठ लावून बांधलेली, खाली एक खोली वर एक खोली, संडास बाहेर आणि तोही दोनतीन घरांत मिळून एक. शेगडीची भिंत दोन्ही घरांची सामाईक. त्या भिंतीवर शेगडीतल्या लोखंडी सळईने ठोकायचं. दोनदा ठोकलं म्हणजे चहा झालाय ये, धाडधाड ठोकलं म्हणजे हातातलं टाकून धावत ये. आजीच्या धाकट्या भावाचा जन्म असाच भिंत ठोकून झाला म्हणे, दाई यायच्या आधी शेजारीण हजर.

वडील भट्टीवर, आई बफर. म्हणजे चमचे काटे सुऱ्या पॉलिश करणारी. या बायका डोक्याला लाल रुमाल आणि अंगाभोवती ब्राऊन पेपर गुंडाळून सुतळीने बांधून कामाला बसायच्या, कारण तेल आणि वाळूचा काळा चिखल अंगभर उडायचा. आजी सांगत होती की आई घरी यायची तेव्हा फक्त डोळे आणि दात दिसायचे, आणि रस्ताभर मोठमोठ्याने गाणी म्हणत यायच्या सगळ्या, लाजबिज काही नाही.

आता मुद्दा. स्टेशनातून बाहेर पडलात की मागे वळून वर बघा, टेकडीवर एक अवाढव्य वळणावळणाची काँक्रीटची इमारत दिसते. ती पार्क हिल. १९५७ ला काम सुरू, १९६१ ला पूर्ण, ९९५ घरं. त्या टेकडीवर आधी झोपडपट्टीच्या लायकीची दाटीवाटीची वस्ती होती, १९३० च्या आसपास तिला 'लिटल शिकागो' म्हणायचे, टोळ्या आणि मारामाऱ्या. तिथे जॅक लिन आणि आयव्हर स्मिथ या दोन तरुण आर्किटेक्टांनी (वर साहेब होते शहराचे आर्किटेक्ट लुईस वॉमर्सली) ठरवलं की लोकांना नुसती घरं द्यायची नाहीत, त्यांची गल्लीच वर न्यायची. म्हणून दर तीन मजल्यांना एक गॅलरी, चांगली दहा फूट रुंद, इतकी की दूधवाल्याची बॅटरीवरची गाडी तिच्यावरून दारोदार फिरायची! टेकडीला उतार असल्याने वरच्या टोकाला इमारत चार मजली आणि खालच्या टोकाला तेरा मजली, छप्पर मात्र सगळीकडे एका पातळीत. त्यामुळे सगळ्यात वरची सोडून बाकी गॅलऱ्या कुठे ना कुठे जमिनीला टेकतात, लिफ्ट न घेता चालत थेट घरात. गॅलऱ्यांना नावंही जुन्या गल्ल्यांची, लाँग हेन्री रो, नॉर्विच रो, हेग रो, गिल्बर्ट रो. जुन्या रस्त्यांचे दगडसुद्धा उखडून आवारातल्या वाटांना लावले. आणि जमेल तिथे जुन्या शेजाऱ्यांना पुन्हा शेजारीच घर दिलं.

आजीचं कुटुंब १९६० च्या सुमाराला तिथे गेलं. आईने पहिल्यांदा आयुष्यात स्वतःचा बाथटब बघितला, नळ उघडला की गरम पाणी. बाथटबच्या काठावर बसून रडली. आणि त्याच रात्री झोपली नाही. का? तर आवाज नाही! काँक्रीटच्या जाड भिंती, शेगडी नाही कारण पाइपातून गरम पाणी फिरवून अख्ख्या इमारतीला ऊब. सळई सवयीने बरोबर आणलेली, पण ठोकायचं कुठे. पलीकडे तीच जुनी शेजारीण राहतेय, बारा पावलांवर, आणि आईला वाटतंय आपण परगावी आलो.

मग काय केलं? त्या दोघींनी दुधाच्या बाटलीवर ठरवलं. सकाळी नऊपर्यंत शेजारणीच्या दारातली बाटली आत गेली नाही तर बेल वाजवायची. आजी म्हणाली, कॉर्पोरेशनने घर दिलं, गल्लीचं नाव पण दिलं, पण शेजार आम्हाला पहिल्यापासून पुन्हा जमवावा लागला. हे मी मराठीत माझ्या शब्दांत लिहितेय, तिची भाषा यॉर्कशायरची, अर्धी मला अजून कळत नाही.

तुमच्यापैकी कोणी चाळीतून टॉवरमध्ये गेलंय का? सांगा. चहाचा ब्रेक संपला, बाकी नंतर.

चहाबाज

मस्त लिहिलंयस ग. दुधाच्या बाटलीचं वाचून काटा आला. वाचतोय, लिहीत राहा.

गिरणगावकर

आमच्या चाळीत भिंत ठोकायची गरजच नव्हती, फळीची भिंत, पलीकडच्या काकांना शिंक आली तर आम्ही "शतायुषी" म्हणायचो :)

पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मावशी बीडीडी चाळीत होती वरळीला. १६० फुटाची खोली, तीत माणसं नऊ, संडास मजल्याच्या टोकाला. आता टॉवर. घर पाचशे फूट, हॉल, दोन बेडरूम, स्वतःचा संडास, स्वतःचा! मावशी पहिल्या दिवशी दार उघडं ठेवून बसली, तर सिक्युरिटीवाला येऊन सांगून गेला की आजी दार लावा. मी हसलो तेव्हा, आता तुझं वाचून हसू येत नाहीये. चाळीत मावशीचं दार कधी लागलेलं मला आठवत नाही, रात्रीसुद्धा नुसता पडदा.

सरळमार्गी

छान आहे पण एक शंका, हे सगळं आठवणींचं गोड गोड प्रकरण होत नाहीये का? लिटल शिकागो म्हणताय, टोळ्या होत्या, बाहेर संडास, क्षयरोग, पोरं मरायची. तिथला "शेजार" म्हणजे नाइलाज होता. साखर उसनी का मागायची, तर घरात नव्हती म्हणून. पैसा आला की माणूस दार लावून घेतो, जगभर हेच. मला विचाराल तर आजीच्या आईला दोन महिन्यांत त्या शांततेची सवय झाली असणार आणि मग तिला कोणी परत जुन्या घरी जा म्हटलं असतं तर तिने तीच सळई त्याच्या टाळक्यात घातली असती.

नाईटशिफ्टवाली

@सरळमार्गी शेवटचं वाक्य आजीला इंग्रजीत सांगितलं. म्हणाली, "हा माणूस आईला ओळखत होता का?" :)

तुमचं बरोबर आहे, परत जायचं कोणाच्याच मनात नव्हतं. आजी पण जुन्या घराबद्दल बोलताना हळवी वगैरे होत नाही, झुरळं आणि ओल हेच पहिलं सांगते. पण नाइलाजाने जमलेल्या गोष्टी नाइलाज संपल्यावर सोडाव्याच लागतात असं कुठे आहे? त्यांनी सोडल्या नाहीत हेच तर मी सांगतेय. भाडेकरूंची संघटना झाली, ती लिफ्ट बंद पडली की कॉर्पोरेशनच्या डोक्यावर बसायची. कॉर्पोरेशनने सुरुवातीला एक बाई नेमलेली, समाजसेवा करणारी, ती तिथेच घर घेऊन राहायची आणि नवीन आलेल्यांना काय हवंय नकोय बघायची. आवारात चार पब, तीसएक दुकानं, शाळा. पबमध्ये शनिवारी पियानोभोवती निम्मी जुनी गल्ली. त्यामुळे भेटायला उसनी साखरच लागायची असं नव्हतं.

इंचपट्टी

मी आर्किटेक्ट, पार्क हिल आम्हाला कॉलेजात होतं, प्लॅन काढून काढून बोटं दुखलेली. म्हणून दोनतीन गोष्टी ज्या फोटोत दिसत नाहीत.

एक, विटा. काँक्रीटच्या सांगाड्यात भरलेल्या विटा खालून वर रंग बदलत जातात, खाली गडद जांभळट, मग तांबड्या, मग फिकट, वर अगदी मलईसारख्या. धुराने काळं पडलेलं शहर खाली आणि वर उजेड. (शहर किती काळं होतं याची कल्पना यायला हे लक्षात घ्या की इंग्लंडात धुराचा कायदा १९५६ ला आला, त्याआधी घरोघरी कोळसा आणि वर पोलादाच्या भट्ट्या.)

दोन, कचरा. स्वयंपाकघरातल्या सिंकलाच मोठं भोक, गार्शे नावाची फ्रेंच पद्धत, बटाट्याची सालं काय, रिकामे डबे काय, सगळं त्यात टाकून पाण्याने खाली सोडायचं. त्या काळात हे म्हणजे चमत्कार. तुंबलं की मात्र खालच्या घराचं काय होत असेल ते सांगायला नको.

तीन, आणि हे महत्त्वाचं. गॅलरीला रस्ता म्हटलं खरं पण घरांच्या खिडक्या त्या गॅलरीवर उघडत नव्हत्या. नुसती दारं. घरात शिरलं की जिना वर किंवा खाली आणि राहायच्या खोल्या दुसऱ्या अंगाला, उजेडाच्या बाजूला. आता आपली चाळ आठवा. खोलीचं दार गॅलरीत, खिडकी गॅलरीत, त्यामुळे भांडी घासता घासता, भाजी निवडता निवडता बाईची नजर बाहेर. पोरगं कठड्यावर चढलं तर चार आया ओरडणार. पार्क हिलच्या गॅलरीवर पोरं खेळत होती पण बघायला खिडकीच नाही, कोणीतरी मुद्दाम बाहेर येऊन उभं राहिलं तरच. म्हणजे गल्ली जिवंत ठेवायला कुणाला तरी वेळ काढून दारात उभं राहावं लागणार. तुमच्या आजीची बाटली इथेच बसते, खिडकीचं काम बाटलीने केलं.

भाऊचा_धक्का

इंचपट्टीताई, क्या बात. हा मुद्दा मी कुठे वाचला नव्हता.

पण मग १९६० ते ७५ चांगलं चाललं आणि नंतर का बिघडलं? खिडक्या तर तेव्हाही नव्हत्या.

कोकणी_मेवा

अवांतर: धागाकर्तीने डोअरस्टेपच्या दगडाबद्दल लिहिलं नाही? माझी घरमालकीण (लीड्सची, गेली आता) सांगायची की त्या काळात प्रत्येक बाई घरासमोरची पायरी घासून ओली असतानाच तिच्या काठावर एका मऊ दगडाने रेघ ओढायची, पिवळट नाहीतर पांढरी. डाँकी स्टोन. भंगारवाला यायचा, त्याला जुन्या चिंध्या दिल्या की बदल्यात दगड. जिची पायरी घासलेली नाही तिच्याबद्दल अख्खी गल्ली बोलणार. मला तर ऐकताना डोळ्यासमोर सडा आणि रांगोळीच आली, आणि सासूची "अजून सडा नाही पडला वाटतं" ही हाक पण.

नाईटशिफ्टवाली

@कोकणी_मेवा अग हो! आजीला विचारलं. जुन्या घरी आई रोज सकाळी पायरी घासायची. पार्क हिलला पायरीच नाही, दार आणि गॅलरी एका पातळीत. तर पहिले काही महिने ती दारासमोरचा गॅलरीचा चौकोन घासायची, बरोब्बर आपल्या दाराच्या रुंदीइतका, एक इंच इकडे नाही तिकडे नाही. दुसऱ्या बाजूची शेजारीण पण तिच्या दारापुरता. दोन स्वच्छ चौकोन आणि मध्ये काँक्रीटची मळकी पट्टी. एक दिवस शेजारणीने मधली पट्टी पण घासून टाकली, आईने दुसऱ्या दिवशी तिचा पण चौकोन घासला, आणि मग दिवस वाटून घेतले. हे सांगताना आजी हाताने हवेत चौकोन काढून दाखवत होती, गुडघा विसरून उभी पण राहिली मध्येच.

@भाऊचा_धक्का का बिघडलं ते लिहिते, पण आज नाही, डोळे मिटतायत.

पोलादी

@भाऊचा_धक्का मी उत्तर देतो, मी शेफील्डला शिकायला होतो ९० च्या दशकात आणि आता नोकरी स्टीलमध्येच आहे (भारतात).

सगळ्यात मोठं कारण इमारतीत नाहीच, ते खाली दरीत आहे. डॉन नदीच्या काठाने पूर्वेला मैलोन् मैल कारखाने होते. १९८० च्या जानेवारीपासून तीन महिने देशभर स्टीलचा संप झाला, आणि त्यानंतरच्या थोड्या वर्षांत शेफील्डमध्ये स्टीलच्या हजारो हजार नोकऱ्या गेल्या. हॅडफील्ड्स नावाचा प्रचंड कारखाना होता, तो पाडून त्या जागेवर १९९० ला मेडोहॉल नावाचं शॉपिंग सेंटर उभं राहिलं. आपल्याकडे गिरण्यांच्या जागी मॉल आले ना, तसंच. तारखासुद्धा जवळजवळच्या, दत्ता सामंतांचा गिरणी संप जानेवारी १९८२ चा.

आता विचार करा. एका गॅलरीवरची माणसं एकाच पाळीला निघायची, एकाच बसने जायची, एकाच दिवशी पगार, एकाच पबात. ते गेल्यावर दारं बंद होणारच. ज्यांना जमलं ते निघून गेले, रिकामी घरं कॉर्पोरेशनने ज्यांना कुठेच जागा नाही अशांना दिली, डागडुजीला पैसा नाही, जिन्यात दिवे नाहीत. मी होतो तेव्हा संध्याकाळी कोणी तिकडे जाऊ नका सांगायचे.

आणि पार्क हिल निदान वाचली. तिच्या मागेच हाइड पार्क फ्लॅट्स होते, त्याच पद्धतीचे, आणखी उंच. १९९१ ला जागतिक विद्यार्थी क्रीडा स्पर्धा झाल्या तेव्हा त्यांना रंगरंगोटी करून खेळाडूंना ठेवलं आणि पुढे बराचसा भाग पाडला. केल्व्हिन म्हणून तिसरी वसाहत होती, तीही ९५ च्या सुमाराला जमीनदोस्त. तिथल्या लोकांनी पण शेजार केला असेलच की, त्यांच्यावर कोण धागा काढणार.

एक चांगली आठवण सांगतो, घरमालकाकडून ऐकलेली. ७० च्या दशकात आणि ८० च्या सुरुवातीला तिथल्या कौन्सिलने बसचं भाडं वाढवलंच नाही. पोरांना २ पेन्समध्ये शहरभर. म्हणजे लांबच्या वसाहतीत राहायला गेलेली म्हातारी रोज बाजारात येऊन जुन्या मैत्रिणीला भेटायची. १९८६ ला बस खाजगी कंपन्यांना खुली झाली आणि भाडं एकदम चढलं. माणसं माणसांना भेटायची थांबली त्यात या बसचा हात किती होता यावर कोणी लिहायला हवं.

गिरणगावकर

पोलादीदादा, बसचं वाचून थांबलोच. आमच्याकडचे निम्मे लोक विरार, बदलापूर, डोंबिवलीला फेकले गेले ते लोकलचा पास होता म्हणून गणपतीला चाळीत परत यायचे. पास परवडला नसता तर मंडळ तेव्हाच बंद पडलं असतं.

सरळमार्गी

बरं, मान्य, मी थोडं मागे येतो. पण "जुने शेजारी शेजारीच" यात किती तथ्य? त्या टेकडीवरची पाडापाडी १९३० च्या दशकातच सुरू झाली होती, मग युद्ध आलं, काम थांबलं. म्हणजे इमारत होईपर्यंत मूळ वस्तीतली बरीच माणसं आधीच कुठे कुठे पांगली असणार. ९९५ घरांत सगळे काय एकाच गल्लीतले नव्हते. तेव्हा "गल्ली उचलून वर ठेवली" हे जाहिरातीचं वाक्य जास्त, असं माझं मत.

नाईटशिफ्टवाली

@सरळमार्गी हे मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. आजीच्या गॅलरीवर जुन्या गल्लीतली मोजून तीन कुटुंबं. बाकी शहरभरातून आलेले, कोणी भाड्याच्या एका खोलीत सासूसोबत पाच वर्षं काढलेली जोडपी, कोणी घरांच्या यादीत नंबर लावून बसलेले. म्हणूनच मला तो चौकोन घासायचा किस्सा जास्त आवडतो, कारण दुसऱ्या बाजूची शेजारीण जुनी नव्हतीच, ॲटरक्लिफहून आलेली, तिला या बायकांनी "आपल्यात" घ्यायला वर्ष लावलं. आजी स्वतः सांगते की आम्ही काही संत नव्हतो, तिच्या पडद्यांवरून पण बोलायचो.

धाग्याच्या नावात "गल्ली उचलून" मीच लिहिलंय, आता बदलता येत नाही, खाते ते बोलणी.

खानावळ

एक प्रश्न, जरा अडचणीचा. आपल्या उपखंडातली माणसं पण शेफील्डला स्टीलमध्ये गेली होती ना ५०-६० च्या दशकात? त्यांना ही घरं मिळाली का?

पोलादी

@खानावळ गेली होती, मुख्यतः पाकिस्तानातून, मीरपूर भागातून खूप, आणि येमेनमधून. कॅरिबियनमधूनही. कामं भट्टीजवळची, सगळ्यात गरम आणि घाणेरडी, रात्रपाळीची. राहायला ॲटरक्लिफ, बर्नग्रीव्ह, डार्नल. कॉर्पोरेशनच्या नव्या घरांपर्यंत पोचायला त्यांना फार वेळ लागला, तेव्हा एखाद्या देशबांधवाने घेतलेल्या जुन्या घरात दाटीवाटीने. एकाच खाटेवर दिवसपाळीवाला रात्री आणि रात्रपाळीवाला दिवसा, गादी थंड व्हायची नाही. आपल्या गिरणीवाल्यांच्या गाळ्यात काय वेगळं होतं? तुमचं नाव बघून वाटलं तुम्हाला खानावळीचं माहीत असणार.

खानावळ

माहीत आहे, आजी चालवायची, पंचवीस माणसांची, परळला. म्हणूनच विचारलं. त्या माणसांना जेवायला कोण घालत होतं देव जाणे.

इंचपट्टी

आणि बायकांचं पण लिहा कोणीतरी. युद्धात पुरुष लढायला गेले तेव्हा शेफील्डच्या कारखान्यांत क्रेन चालवण्यापासून सगळी कामं बायकांनी केली, आणि युद्ध संपल्यावर त्यांना सरळ घरी पाठवलं, धन्यवादसुद्धा नाही. सिटी हॉलच्या बाहेर त्यांचा ब्राँझचा पुतळा आहे, दोन बायका हातात हात घालून. तो बसला कधी? २०१६ ला! सत्तर वर्षांनी.

चहाबाज

आता तिथे कोण राहतं?

नाईटशिफ्टवाली

@चहाबाज १९९८ ला सरकारने ती इमारत संरक्षित यादीत टाकली, 'ग्रेड टू स्टार' म्हणजे विशेष महत्त्वाच्या इमारतींची श्रेणी, त्यामुळे पाडता येईना. मग एका खाजगी बिल्डरने कॉर्पोरेशनबरोबर मिळून नूतनीकरण घेतलं. पहिल्या टप्प्यात आतलं सगळं काढून नुसता काँक्रीटचा सांगाडा ठेवला आणि विटांच्या जागी भडक रंगाचे ॲल्युमिनियमचे पत्रे. लाल, केशरी, पिवळे. २०१३ ला मोठ्या बक्षिसाच्या अंतिम यादीतही होतं ते काम. थोडी घरं भाड्याची ठेवली, बाकी विकायला. नवीन लोक वाईट आहेत असं नाही, तरुण पोरं आहेत, कुत्री घेऊन फिरतात, कॅफे आहे. पण गॅलरीत जायला चावी लागते. दूधवाला काय, मी सुद्धा कोणी आत घेतल्याशिवाय जाऊ शकत नाही.

आजीला एकदा व्हीलचेअरवरून खालपर्यंत नेलं होतं. वर बघत बसली बराच वेळ. आपलं दार ओळखायचा प्रयत्न करत होती, पत्रे बघून जमेना. शेवटी विटांचा एक न बदललेला भाग दिसला (पुढच्या टप्प्यात विटा ठेवल्यात), तिथून मोजत मोजत गेली आणि म्हणाली, "तिथे." मी म्हटलं फोटो काढू का, तर म्हणाली, नको, थंडी वाजतेय, घरी चल.

गिरणगावकर

...

मावशीला फोन केला आत्ता. पलीकडच्या बाईला बोलवायला गेली तर दार बंदच होतं, बेल वाजवून मावशी लिफ्टपर्यंत जाऊन आली म्हणे. बाई म्हणाली या की, मग दोघी बसल्या. तिला दुधाच्या बाटलीचं सांगितलं. म्हणाली, पिशवी येते रे आता, आणि ती पण वॉचमन खालीच ठेवून घेतो.

कोकणी_मेवा

@गिरणगावकर पेपर! पेपर दाराला लावतात ना अजून?

गिरणगावकर

@कोकणी_मेवा लावतात. सांगतो तिला.

नाईटशिफ्टवाली

परवा आजीकडे गेले होते, दिवाळीचा चिवडा घेऊन. आता ती कौन्सिलच्या तळमजल्यावरच्या छोट्या घरात असते. विचारलं, आता कोण बघतं तुम्हाला सकाळी? म्हणाली, समोर एक सोमाली पोरगा राहतो, टॅक्सी चालवतो, रात्रपाळी करून नऊला येतो. माझा पडदा उघडलेला नसला तर बेल वाजवतो. मागच्या आठवड्यात मी जरा उशिरा झोपून राहिले तर तीनदा वाजवली, नुसता वैताग. असं म्हणत उठली (हातांचा आधार न घेता! मी मोजलं) आणि डबा पुढे करून म्हणाली यातला निम्मा दुसऱ्या डब्यात काढ, त्याला देते. मग स्वतःच्या वाटीवर हेंडरसन्स रेलिश ओतलं. हे म्हणजे इथलं पातळ काळं आंबटतिखट सॉस, शेफील्डवाले 'पाय' नावाच्या सारण भरलेल्या पेस्ट्रीपासून चिप्सपर्यंत सगळ्यावर घालतात. पातळ पोह्यांचा चिवडा मंडळी, भिजून लगदा.

चहाबाज

अरे देवा. चिवड्यावर सॉस.

खानावळ

ते हेंडरसन्स व्हेज असतं का? वूस्टर सॉसमध्ये मासे असतात म्हणून आम्ही घेत नाही.

नाईटशिफ्टवाली

@खानावळ हो, व्हेज आहे, मासे नाहीत. मी पण चाखून बघितला तो लगदा. वाईट नाही लागत, शप्पथ. थोडा कांदा हवा होता.